घाम आणि वाढलेली प्लीहा: घरी जनावरं आहेत का?

वडिलांना रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येतो आणि सोनोग्राफीत प्लीहा (पानथरी) १५ सेंमी आली, असं तुम्ही लिहिलंय. वर दोघातिघांनी थायरॉईड सुचवलंय. त्याने घाम येतो हे खरं, पण प्लीहा सहसा एवढी वाढत नाही.

मलेरिया, टीबी डॉक्टर बघतीलच. राहून जातो तो ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग. आमच्या काकांनी गाभडलेल्या म्हशीचा वार (प्लॅसेंटा) उघड्या हाताने काढला होता. पुढे महिनाभर संध्याकाळी कणकण, पहाटे बनियन ओलंचिंब, कंबर धरलेली. विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) करून दोनदा टायफॉईडचा कोर्स झाला. शेवटी एका डॉक्टरांनी गोठ्याची चौकशी केली, तेव्हा कुठे रक्ताची योग्य तपासणी झाली. मग सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर हा ताप उलटतो. धारोष्ण दुधातूनही हा जंतू येतो (आमच्याकडे ते अजून पौष्टिक मानतात, काय बोलणार).

गुरांशी संबंध नसेल तर आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नीट बघा. पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात असतील तर सीएमएल (रक्ताचा एक कर्करोग) असू शकतो. त्यावर आता इमॅटिनिबसारख्या गोळ्या आहेत. वजन घटतंय, मानेत किंवा काखेत गाठी आहेत? मग लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी) रक्तविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा.

आणि तोवर डाव्या बरगडीखाली मार लागू देऊ नका. वाढलेली प्लीहा फुटू शकते.