‘मिरवणारे तंबू’ म्हणे! (ताणलेली छपरं, झोळ आणि काटकोन यांना उत्तर)

ताणतणाव (धागाकर्ता)

काल ‘काटकोन’ यांनी दुसऱ्याच विषयावरच्या धाग्यात जाता जाता पिंक टाकली: “ताणलेल्या कापडाची छपरं ही वास्तुकला नव्हे, मिरवणारे तंबू आहेत. वीस वर्षांत कापड विटतं, वादळात फाटतं, आणि ज्याला हलकं हलकं म्हणतात ते धरून ठेवायला जमिनीत ट्रकच्या ट्रक काँक्रीट ओततात.” तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

खोगिराची दुहेरी वक्रता (एका दिशेने खाली, आडव्या दिशेने वर वाकलेला आकार), प्रीस्ट्रेस (भार येण्याआधीच दिलेला ताण) वगैरे इथे कुणाला शिकवायची गरज नाही. फक्त एवढंच म्हणतो की राहुटी वाऱ्यात फडफडते आणि नीट ताणलेलं खोगीर फडफडत नाही, हा फरक ज्याला दिसत नाही त्याने ‘तंबू’ हा शब्द शिवीसारखा वापरू नये. एका दिशेचे दोर बर्फाचं ओझं घेतात, आडव्या दिशेचे वाऱ्याची उचल घेतात, आणि मुळात दोघे एकमेकांना ओढून धरतात. कापडाचं वजन चौरस मीटरला एक-दीड किलो. त्या वजनात दुसरं कुठलं छप्पर एवढा गाळा झाकतं ते दाखवा.

आता काँक्रीट. साधा हिशेब करा. 20 मीटरचा गाळा (दोन टेकूंमधलं अंतर), मीटरमागे 100 किलो भार. दोराला 2 मीटर झोळ (मधे खाली लोंबणं) दिला तर आडवी ओढ 2500 किलो. तोच झोळ अर्ध्या मीटरवर आणा, ओढ 10,000 किलो. छप्पर तेच, भार तोच, नांगर (दोर जमिनीत धरून ठेवणारं काँक्रीट) चौपट. म्हणजे काँक्रीट कापड खात नाही, झोळ मारण्याची, म्हणजे कमी करण्याची, हौस खाते. आणि जिथे सायकलच्या चाकासारखी बाहेरची कडी दाब घेते आणि आतली ताण घेते, तिथे बाजूला ओढणारे नांगर लागतच नाहीत. श्टुटगार्टच्या स्टेडियमचं 1993 चं छप्पर बघा.

काटकोन

माझ्या तीन ओळींना एवढं मोठं उत्तर! म्हणजे खडा बरोबर जागी लागला.

हिशेब छान आहे, पण मी कागदावर राहत नाही. असल्या पडद्याखालच्या ऑफिसात मी दोन वर्षं काढली आहेत. पाऊस आला की मीटिंग थांबायची, कारण शेजारचा काय बोलतोय तेही ऐकू यायचं नाही. ढोलात बसून काम केल्यासारखं. उन्हाळ्यात वरून भट्टी, थंडीत अंगावर स्वेटर. वास्तुकलेचं पहिलं काम आसरा देणं हे आहे ना?

बाकी फाटाफाटीची यादी तुम्हाला माहीत असेलच. मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम: आधीचं उघडझाप करणारं केव्हलारचं (मजबूत कृत्रिम धाग्याचं) छप्पर फाटत राहिलं, ते काढून नवं बसवलं, तर ते जानेवारी 1999 मध्ये बर्फाने फाटलं. मिनिआपोलिसचा मेट्रोडोम डिसेंबर 2010. लंडनचा मिलेनियम डोम फेब्रुवारी 2022. पुरे की अजून?

ताणतणाव

मेट्रोडोम हवेच्या दाबावर तरंगणारं छप्पर होतं. पंख्यांनी फुगवलेली उशी. ते या खात्यात जमा करू नका. मिलेनियम डोमचे काही पट्टे फाटले. बारा मस्तूल (उंच खांब) आणि दोर जागचे हलले नाहीत, पट्टे बदलले आणि कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. छपराचा एक तुकडा बदलता येणं हा दोष कधीपासून झाला?

आणि बर्फाचं म्हणाल तर जानेवारी 1978 मध्ये हार्टफर्डच्या क्रीडागृहाचं छप्पर बर्फाखाली जमीनदोस्त झालं. काही तास आधी आत सामना बघायला हजारो माणसं होती. ते कापड नव्हतं, तुमची लाडकी पोलादी स्पेस फ्रेम (दांड्यांचा त्रिमितीय सांगाडा) होती, तीही कॉम्प्युटरवर तपासलेली.

काटकोन

म्हणजे पडलं की “ते आमच्यातलं नव्हे” आणि टिकलं की आमचं. सोयीचं आहे.

बरं, तुमच्या जमातीतले सगळे ज्याची आरती ओवाळतात त्या म्युनिकच्या 1972 च्या ऑलिंपिक छपरात कापड कुठे आहे? दोरांची जाळी आणि वर अ‍ॅक्रिलिकच्या काचा! कापडाने सावलीचे डाग पडतील, चित्रीकरण बिघडेल, या टीव्हीवाल्यांच्या काळजीपोटी पारदर्शक काहीतरी हवं होतं. त्या काचाही नव्वदच्या दशकात बदलायला लागल्या.

शिअर_फोर्स

अवांतर करतो, पण दुखरी नस दाबलीत. झोळ मारतं कोण, ते बोला ना. इंजिनिअर मारतो का?

एका प्रवेशद्वारावरचं छोटं छत होतं. मी म्हटलं 1.8 मीटर उंचीचा फरक द्या. आर्किटेक्ट म्हणाले, “रेघ नाजूक हवी.” घासाघीस करून 60 सेंटीमीटरवर आलो. पहिल्याच मोठ्या पावसात मधोमध पाणी साचलं, छपराला पोट सुटलं, पोटात अजून पाणी. आणि मग पत्र कुणाला आलं? मला. “डिझाइनमधील त्रुटीबाबत.” रेघ नाजूक होती हो, पाणी जड होतं.

श्रेयाचंही तेच. म्युनिक म्हटलं की हलक्या छपरांचे जर्मन आर्किटेक्ट फ्राय ओटो, फ्राय ओटो. माणूस थोर, वाद नाही. 2015 मध्ये प्रिट्झकर (वास्तुकलेतला मोठा पुरस्कार) जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी गेला, हळहळ वाटते. पण ते छप्पर उभं राहिलं लिओनहार्ट आणि आंद्रा या इंजिनिअरांच्या कचेरीतून, आणि काम ओढलं पस्तिशीतल्या यॉर्ग श्लाइखने. किती जणांना नाव माहीत आहे?

रेखाटन

आलंच हे रडगाणं. शिअर_फोर्स साहेब, म्युनिकची स्पर्धा जिंकली ती आर्किटेक्ट बेनिशच्या कचेरीने. मॉडेलवर नायलॉनचे पायमोजे ताणून त्यांनी ते दृश्य उभं केलं नसतं, तर तुमच्या श्लाइखना हिशेब करायला काय होतं? कोरा कागद?

(मीही आर्किटेक्ट आहे. आणि मी 1.8 मीटर दिले असते.)

शिअर_फोर्स

पायमोजे ताणणं आणि पाऊण लाख चौरस मीटरचं दोरांचं छप्पर ताणणं यात जे अंतर आहे त्यालाच इंजिनिअरिंग म्हणतात, ताई. शिवाय ओटोंना हे वेड लागलं ते कुठे? 1950 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रेड सेवेरुड यांच्या ऑफिसात, अमेरिकेतल्या रॅले अरीनाची ड्रॉइंग्ज बघून. सेवेरुड कोण? इंजिनिअर.

रेखाटन

आणि रॅलेची कल्पना कुणाची? मॅथ्यू नोवित्स्की, आर्किटेक्ट. दोन कलत्या पॅराबोला कमानी एकमेकांत अडकवून मधे दोरांचं खोगीर. बिचारा ऑगस्ट 1950 मध्ये विमान अपघातात गेला, 1952 मध्ये पुरी झालेली इमारत त्याने पाहिलीच नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडचा घास तरी काढू नका.

थिओडोलाइट

दोघांचं चालू द्या, पण म्युनिकच्या जाळीतल्या प्रत्येक तुकड्याची लांबी किती, हा प्रश्न सुटला कसा? मॉडेलवर पट्टी लावून नाही. मॉडेलमधली मिलिमीटरची चूक प्रत्यक्षात कित्येक सेंटीमीटरची होते, आणि मग जाळी कुठे ढिली, कुठे तुटायला आलेली. क्लाउस लिंकविट्झ त्यात उतरले, आणि ते आर्किटेक्ट नव्हते, स्ट्रक्चरलवालेही नव्हते. सर्व्हेइंगचे प्राध्यापक. आज तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जाळीचा आकार शोधणारी जी फोर्स डेन्सिटी पद्धत बटण दाबल्यावर चालते ती त्यांची आणि त्यांचे सहकारी शेक यांची. बल भागिले लांबी हे गुणोत्तर आधी ठरवून टाकलं की समीकरणं सरळ होतात, इतकी साधी युक्ती.

सर्व्हेअरला साइटवर लोक “जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय” म्हणतात.

शिअर_फोर्स

लिंकविट्झ मान्य. मग कॉम्प्युटरवर हिशेब करणारे प्राध्यापक अर्गिरिसही म्हणा, तेही म्युनिकच्या कामात होतेच. पण सर्व्हेअरने छप्पर बांधलं असं म्हणायला लागलात तर उद्या…

कटिंग_पॅटर्न

उद्या शिवणाऱ्याने बांधलं म्हणतील, असंच ना? म्हणतेच मी. (आम्ही शिवत नाही, वेल्ड करतो, तेही असो.)

तुमचं ते सुंदर खोगीर सपाट ताग्यातून कापावं लागतं. ताणल्यावर कापड वाढतं म्हणून आधी टक्का-दोन टक्का लहान कापायचं, आणि उभ्या धाग्याची वाढ वेगळी, आडव्याची वेगळी. एकदा ड्रॉइंगवर उभ्या धाग्याची दिशा उलटी दाखवून आली. मी दोनदा विचारलं. “ड्रॉइंग प्रमाण माना.” मानलं. वर चढवलं तेव्हा एका कडेला सुरकुत्या, दुसऱ्या कडेला पट्टी क्लँपपर्यंत पोचेना. काच-धाग्याचं कापड तर घडीवर कुणी गुडघा टेकला तरी आतले धागे मोडतात. आम्ही त्याला तान्ह्या बाळासारखं नेतो, आणि साइटवर लोक त्यावर बसून डबा खातात.

तेव्हा कापड वाईट की माणसं वाईट, ते आधी ठरवा.

वाचनमात्र

कापड टिकतं का, हा प्रश्न होता. गेले सहा प्रतिसाद बारशाला आत्या कोण यावर चालू आहेत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ताणतणाव

वाचनमात्र यांच्याशी सहमत, धागा पळवला गेला आहे. टिकण्याबद्दल: पीव्हीसी (प्लॅस्टिक) चढवलेलं पॉलिएस्टर पंधरा-वीस वर्षं, तिथे काटकोन यांचा आकडा खोटा नाही. पण पीटीएफई (टेफ्लॉन) चढवलेलं काच-कापड त्याहून बरंच पुढे जातं. कॅलिफोर्नियातल्या ला व्हर्न विद्यापीठाचे तंबू (हो, तंबूच म्हणतो) 1973 चे आहेत आणि वापरात आहेत.

पावसाच्या आवाजाचं आणि उकाड्याचं नाइलाजाने मान्य. एकेरी पडदा उष्णता अडवण्यात एकेरी काचेइतकाच कुचकामी. तुमच्या ऑफिसला एकेरी पडदा लावणाऱ्याला विमानतळ आणि ऑफिस यातला फरक कळला नव्हता.

काटकोन

अरे वा, मान्य! तारीख लिहून ठेवतो.

मग मीही उदार होतो. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकचा सायकल ट्रॅक बघितला आहे. छपरात दोरांची जाळी, पण वर लाकडी पॅनेलं आणि भरपूर इन्सुलेशन. पोलाद वाचलं, आत शांतता, आणि बाहेरून कुणी तंबू म्हणणार नाही. तर जाळी मंजूर. कापड नामंजूर. पीटीएफईवाल्यांनी आधी युरोपात फ्लोरिनच्या रसायनांवर (पीटीएफईही त्यातलंच) जी बंदी घाटते आहे तिचं काय होतं ते बघावं, मग पन्नास वर्षांच्या गप्पा माराव्यात.

ताणतणाव

त्यावर वेगळा धागा काढा, येतो तिथे. आणि त्या ट्रॅकचं छप्पर कापडाचं नसलं तरी खोगीरच आहे, हे तुमच्या काटकोनात बसलं कसं?

थिओडोलाइट

त्या जाळीचीही लांबी कुणीतरी मोजलीच असेल.

रेखाटन

शिअर_फोर्स, भांडण बाजूला ठेवून विचारते, त्या 60 सेंटीमीटरवाल्या छताचं पुढे काय झालं?

शिअर_फोर्स

मधोमध खालून खांब उभा केला आणि त्याच्या टोकावर छत वर उचललं. 1.8 मीटर मिळाले शेवटी. उद्घाटनाचे फोटो त्याआधीच काढून झाले होते, त्यांच्या वेबसाइटवर अजून तेच आहेत.