शब्दचर्चा : विमान ‘पळवले’, विमानाचे ‘अपहरण केले’ की विमानाचा ‘ताबा घेतला’?

लातूरहून, प्रश्नकर्ता

एका इंग्रजी किशोरकथेचे मराठी रूपांतर करताना मी चार दिवसांपासून एकाच वाक्यापाशी अडलो आहे. कथेत स्कायडायव्हिंगचे, म्हणजे आकाशातून उडी मारून पॅराशूटने खाली येण्याच्या खेळाचे, एक लहान विमान आहे. त्यात वैमानिक आणि पाठीवर पॅराशूट बांधलेले आठ जण आहेत. विमान दहा हजार फुटांवर पोहोचल्यावर त्या आठांपैकी एक जण वैमानिकाच्या मानेला चाकू लावतो आणि विमान सीमेपलीकडे न्यायला सांगतो. मी सरळ ‘त्याने विमानाचे अपहरण केले’ असे लिहून पुढे गेलो होतो. आईला वाचून दाखवले, तेव्हा तिने विचारले, “अपहरण म्हणजे माणसं उचलून नेणं ना? इथं तर सगळे आपापल्या जागी बसलेत, मग नेलं कोणाला?” मला उत्तर देता आले नाही. ‘हवाई चाचेगिरी’, ‘पळवणे’, ‘ताबा घेणे’ आणि ‘हायजॅक करणे’ हे चारही पर्याय लिहून पाहिले, पण प्रत्येकात काहीतरी खटकते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अंबाजोगाईहून, निवृत्त भाषाशिक्षक

आपल्या मातोश्रींना पडलेली शंका रास्त आहे, तरी ‘अपहरण’ हा शब्द माणसांपुरता कधीच नव्हता. ‘अप’ म्हणजे दूर आणि ‘हृ’ म्हणजे नेणे, इतकाच त्याचा मूळ अर्थ आहे. काय नेले, हे त्यात सांगितलेले नाही. महाभारतात विराटाच्या गाईंचे हरण होते आणि तेथे गाई म्हणजे संपत्तीच असते. त्याच धातूपासून आलेला ‘अपहार’ तर आज केवळ पैशाचाच होतो. पतसंस्थेतील अपहाराच्या बातम्या वाचल्या नाहीत असा आठवडा आपल्याकडे क्वचितच जातो. मात्र सीताहरण, रुक्मिणीहरण आणि सुभद्राहरण या कथा कीर्तनांतून इतक्या घरोघरी पोहोचल्या की हरण म्हटले की माणूसच डोळ्यांपुढे उभा राहतो. गंमत अशी की या तिघींपैकी दोघी स्वखुशीने रथात बसल्या होत्या, म्हणजे या शब्दात जबरदस्तीही अनिवार्य नाही.

माझी अडचण वेगळी आहे. हरणात ‘नेणे’ आवश्यक असते, आणि विमान जागचे हलले नसले तरी ही घटना घडू शकते. २४ डिसेंबर १९९४ रोजी अल्जिअर्सच्या विमानतळावर एअर फ्रान्सच्या विमानात दहशतवादी शिरले. ते विमान तेथेच दोन दिवस उभे होते, त्यानंतर ते मार्सेलला गेले आणि तेथे फ्रेंच कमांडोंनी प्रवाशांची सुटका केली. पहिले दोन दिवस काहीच ‘नेलेले’ नव्हते, तरी जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याला अपहरण म्हटले होते. यावरून रूढ अर्थाने व्युत्पत्ती केव्हाच मागे टाकली आहे असे दिसते, आणि त्याला आपला इलाज नाही.

नांदेडहून, वृत्तपत्रात काम करणारी एक वाचक

गुरुजींच्या म्हणण्याला मथळ्यांच्या बाजूने थोडी पुस्ती जोडते. ‘विमानाचे अपहरण’ हा प्रयोग आपल्या पिढीच्या कानात पक्का बसला तो डिसेंबर १९९९ मध्ये. काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान अमृतसर, लाहोर आणि दुबईमार्गे कंदाहारला नेले गेले आणि २५ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत हा शब्द रोज पहिल्या पानावर होता. आता तो बदलण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

‘पळवणे’ मात्र मला अधिक जिवंत वाटते. आपल्या भागात ‘मराठवाड्याचे पाणी पळवले’ हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येते. वरच्या धरणांत पाणी अडवल्यामुळे जायकवाडीत ते पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. म्हणजे येथे पळवणारा पळालेला नसतो आणि पाणीही पळालेले नसते, उलट ते अडवलेले असते. तरी ऐकणाऱ्याला अन्याय नेमका समजतो. आमदार पळवतात, उद्योग पळवतात, दुसऱ्याने मांडलेला मुद्दाही पळवतात. या शेवटच्या अर्थाने हल्ली ‘मुद्दा हायजॅक केला’ असे सर्रास लिहितात, तेव्हा ‘पळवला’ लिहा असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगते.

तुमच्या वाक्यात मात्र एक धोका आहे. ‘त्याने विमान पळवले’ याचा अर्थ ‘वेगाने चालवले’ असाही होतो. शंकरपटात बैल पळवतात तेव्हा त्यांना कोणी चोरत नाही. म्हणून ‘पळवून नेले’ असे पूर्ण लिहावे.

‘चाचेगिरी’ मला कधीच पटली नाही. ज्या मुलखाला समुद्रच नाही, तिथल्या वाचकाला चाचे ठाऊक असतात ते केवळ गोष्टींतले.

परभणीहून, निवृत्त वकील

‘चाचेगिरी’ला विरोध करण्यासाठी समुद्र नसण्यापेक्षा सबळ कारण आहे. अमेरिकेच्या कायद्यात १९६१ पासून या गुन्ह्याला ‘विमानाची चाचेगिरी’ या अर्थाचेच नाव आहे आणि आपल्याकडचा शब्द त्याच धर्तीचा आहे. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदेविषयक करारात चाचेगिरीची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार एका जहाजावरच्या अथवा विमानातल्या लोकांनी दुसऱ्या जहाजावर अथवा विमानावर हल्ला करावा लागतो. चाचे बाहेरून येतात. आपल्या कथेतला मनुष्य तर त्याच विमानात मांडीला मांडी लावून बसलेला आहे, त्यामुळे तो चाचा ठरत नाही. तो दरोडेखोरही ठरत नाही, कारण दरोड्याला कायद्याने किमान पाच जण लागतात. फार तर जबरी चोरी म्हणता येईल, पण तेही अपुरे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. १९७० च्या हेग करारात आणि त्यावरून आपण केलेल्या १९८२ च्या अपहरणविरोधी कायद्यात, उड्डाण चालू असलेल्या विमानातील व्यक्तीने बळाने, बळाच्या धाकाने किंवा अन्य प्रकारे धमकावून विमानाचा ताबा घेणे वा त्यावर नियंत्रण चालवणे, असा हा गुन्हा सांगितला होता. यात नेणे नाही, पळवणे नाही, चोरणे नाही. जे आहे ते ताबा आणि नियंत्रण. ‘उड्डाण चालू’ केव्हा म्हणायचे, याचीही व्याख्या होती आणि ती तुमच्या कथेच्या दृष्टीने मोठी मौजेची आहे. माणसे चढल्यानंतर विमानाची सर्व बाहेरची दारे बंद झाली की उड्डाण सुरू होते आणि उतरण्यासाठी त्यांतले कोणतेही एक दार उघडले की ते संपते, अशी ती होती.

प्रवासी विमानाला हे चपखल बसते. स्कायडायव्हिंगच्या विमानात मात्र दार उघडतेच मुळी दहा-बारा हजार फुटांवर, आणि तेही माणसे बाहेर पडावीत म्हणूनच उघडते. मग त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने उड्डाण संपले असे म्हणायचे काय? विमान आकाशात आहे आणि उड्डाण संपले आहे, असा युक्तिवाद एखाद्या हुशार बचाव वकिलाने केला असता तर न्यायाधीशांना ‘उतरणे’ या शब्दाचा अर्थ ठरवावा लागला असता. मराठीत तर हा पेच अधिकच रंगला असता, कारण आपण गाडीतूनही उतरतो आणि झाडावरूनही उतरतो, त्यामुळे आकाशातून जमिनीवर येणाऱ्यालाही ‘तो उतरला’ असेच म्हणतो.

हे छिद्र पुढे बुजले. हेग करारात सुधारणा करणाऱ्या २०१० च्या बीजिंग प्रोटोकॉलनंतर आपण २०१६ चा नवा कायदा केला. त्यात ‘उड्डाणात’ऐवजी ‘सेवेत’ असलेले विमान धरले आहे. विशिष्ट उड्डाणासाठी कर्मचाऱ्यांनी पूर्वतयारी सुरू केल्यापासून विमान उतरल्यानंतरच्या चोवीस तासांपर्यंत ते सेवेत मानले जाते. दार उघडे की बंद, हा प्रश्न उरला नाही. शिवाय तंत्रज्ञानाच्या साह्याने घेतलेला ताबाही त्यात आला, म्हणजे अपहरणकर्त्याने विमानात असण्याचीही गरज राहिली नाही. ताब्यापुढे जागा गौण ठरली.

एक भेद मात्र अनुवादकाने जपावा. ऑगस्ट २०१८ मध्ये सिएटलच्या विमानतळावरून तेथल्याच एका कर्मचाऱ्याने ७६ आसनांचे रिकामे विमान एकट्याने उडवले आणि शेवटी ते एका बेटावर कोसळले. तेथे धमकावायला कोणी नव्हतेच, म्हणून ती चोरी होती. तुमच्या कथेत वैमानिकाच्या मानेला चाकू आहे. तो चाकू काढून घेतला तर शब्दही बदलावा लागेल.

छत्रपती संभाजीनगरहून, एक ज्येष्ठ वाचक

वकीलसाहेबांनी ‘ताबा’ काढला, म्हणून थोडी जुनी आठवण सांगतो. निजामाच्या अमलात आमच्या वडिलांचे शिक्षण उर्दूतून झाले. ते विमानाला ‘तय्यारा’ म्हणत आणि पळवून नेण्याला ‘अगवा’. उर्दू बातम्यांत आजही ‘तय्यारा अगवा’ ऐकू येते. आम्ही मराठी बोलताना ‘अगवा’ घेतला नाही, पण ‘कब्जा’ आणि ‘ताबा’ दोन्ही घेतले आणि त्यांच्यात बारीक फरकही केला. दुसऱ्याच्या बांधावर नांगर घातला की तो ‘कब्जा’. त्याला आरोपाचा वास आहे. ‘ताबा’ कोर्टाच्या हुकमानेही मिळतो, घराच्या किल्ल्या हाती आल्या तरी ‘ताबा मिळाला’ म्हणतात. तेव्हा नुसते ‘विमानाचा ताबा घेतला’ असे लिहिले, तर नवा वैमानिक पाळीवर आला असाही समज होईल. ‘चाकूच्या धाकाने ताबा घेतला’ असे लिहावे, म्हणजे शंका राहणार नाही.

‘हायजॅक’ हा इंग्रजी शब्ददेखील मुळात विमानाचा नव्हे. अमेरिकेत १९२० च्या दशकात दारूबंदी असताना चोरट्या दारूचे ट्रक रस्त्यात अडवून लुटत, त्याला तो शब्द होता. त्याला जवळचा आपला शब्द ‘वाटमारी’ आहे. बालाघाटातल्या जुन्या वाटांवर फिरलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. आकाशात वाट नसते म्हणून तो चालणार नाही, हे मलाही कळते.

बीडहून, एकदा उडी मारलेली वाचक

मी प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून घेऊन एकदाच उडी मारली आहे, त्यामुळे अधिकाराने बोलत नाही, पण पाहिलेले सांगते. त्या विमानात आसने नसतात. सगळे जण जमिनीवर एकमेकांच्या पायांत पाय घालून, दाराकडे तोंड करून बसतात. दार वर सरकवून उघडतात आणि वारा असा आत घुसतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून ‘प्रवासी’ हा शब्द त्या आठांना लावू नये. प्रवासी विमानासोबत उतरतो, हे लोक विमान वरच सोडून देतात.

यातूनच ‘ओलीस’ या शब्दाची पंचाईत होते. ओलीस म्हणजे ज्याला अडकवून ठेवून समोरच्याकडून काही मिळवायचे, तो माणूस. १७९५ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या सीमेलगत खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, तेव्हा त्याच्या दिवाणाला मराठ्यांच्या स्वाधीन व्हावे लागले आणि त्याला पुण्यास नेऊन ठेवले. त्याला जाण्याची वाट नव्हती, म्हणून तो ओलीस. या आठांच्या पाठीवर तर पॅराशूट आहे आणि दार हाताच्या अंतरावर आहे. चाकू एक आहे आणि तो वैमानिकाच्या मानेला आहे. बाकीचे सात जण एकामागून एक निघून गेले तर ओलीस उरतो तो एकटा वैमानिक. त्यालाही अशा विमानांत बहुधा आपत्कालीन पॅराशूट असते, पण तो उठला तर विमान कोण चालवणार? तेव्हा ‘सर्वांना ओलीस धरले’ असे सरसकट लिहू नये, ‘वैमानिकाला ओलीस धरले’ असे लिहावे.

पॅराशूट आणि अपहरण यांचा सर्वांत गाजलेला संबंध याच्या बरोबर उलटा आहे. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी पोर्टलंडहून सिएटलला जाणाऱ्या विमानात डॅन कूपर नावाने तिकीट काढलेल्या माणसाने दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागितली. सिएटलला प्रवासी सोडून दिले, विमान पुन्हा उडवायला लावले आणि मागच्या जिन्यावरून रात्री उडी मारली. त्याला दिलेल्या पॅराशूटांपैकी छातीवरची दोन एका स्कायडायव्हिंग शाळेतून आणलेली होती आणि त्यातले एक चक्क शिवून बंद केलेले, सरावासाठीचे होते. तेथे अपहरणकर्त्याने उडी मारली आणि विमान राहिले. तुमच्या कथेत इतरांनी उडी मारायची आणि अपहरणकर्त्याने राहायचे.

लातूरहून, प्रश्नकर्ता

सर्वांचा ऋणी आहे. प्रकरणाच्या शीर्षकात ‘अपहरण’ ठेवतो, कारण नांदेडच्या ताई म्हणतात त्याप्रमाणे ते आता रुळले आहे. प्रत्यक्ष प्रसंगात ‘वैमानिकाच्या मानेला चाकू लावून त्याने विमानाचा ताबा घेतला’ असे लिहितो आणि खाली हवाई पट्टीवर उभा असलेला मेकॅनिक ओरडतो तेथे ‘विमान पळवून नेलं!’ असे घालतो. ‘सर्वांना ओलीस’ खोडले. वकीलसाहेबांनी सांगितलेली उघड्या दाराची गोष्ट मूळ कथेत नाही, नाहीतर घातली असती.

आता एकच लहान प्रश्न राहिला आहे. ते सात जण दारातून बाहेर पडतात, त्याला नुसते ‘उडी मारली’ म्हणावे काय? पॅराशूटला मी ‘हवाई छत्री’ लिहून पाहिले, पण आजची मुले पॅराशूटच म्हणतात, म्हणून ते तसेच ठेवले आहे.

बीडहून, एकदा उडी मारलेली वाचक

विहिरीत पोहायला शिकलेल्या कोणालाही विचारा. हात पुढे करून डोके खाली घालतो तो ‘सूर’ आणि गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन पडतो तो ‘मुटका’. अनुभवी माणसे विमानातून सूर मारतात. त्या सातांत एखादा घाबरलेला नवशिका असेल, तर त्याला खुशाल मुटका मारू द्या. मीही तोच मारला होता.