‘हिज गर्ल फ्रायडे’चा शेवट : हिल्डी जिंकते की हरते?

मूळ मुद्दा

हॉवर्ड हॉक्स यांचा १९४० सालचा हा चित्रपट मी नुकताच पुन्हा पाहिला. हिल्डी जॉन्सन (रोझालिंड रसेल) ही नावाजलेली बातमीदार, आपण नोकरी सोडून ऑल्बनीच्या ब्रूस बाल्डविन या विमा व्यावसायिकाशी लग्न करणार आहोत, एवढेच सांगायला कचेरीत येते. तिथला संपादक वॉल्टर बर्न्स (केरी ग्रँट) हा तिचा घटस्फोटित नवरा. तो तिला फाशीची शिक्षा झालेल्या अर्ल विल्यम्सच्या बातमीत गुंतवतो आणि शेवटी ती त्याच्याकडेच परतते. अनेकांना हा स्त्रीचा पराभव वाटतो. मला मात्र वाटते, की हिल्डीचा जीव तिच्या कामात आहे आणि शेवटी तिला ते काम परत मिळते.

तुरुंगातील मुलाखत आठवून पाहा. ज्या चित्रपटात कोणी कोणाचे वाक्य पुरे होऊ देत नाही, तिथे हिल्डी अर्लच्या पिंजऱ्याजवळ बसते आणि आवाज एकदम खाली आणते. ती त्याला सिगारेट देते, तो घेतो आणि मग आपण सिगारेट ओढत नाही, हे आठवून परत करतो. गोंधळलेल्या माणसाला बोलते करण्याची ही हातोटी ज्या बाईजवळ आहे, ती ऑल्बनीत सासूबाईंच्या घरी सुखाने राहील, हे मला पटत नाही.

प्रतिसाद १

आपण मुलाखतीचे केलेले वर्णन सुंदर आहे, परंतु निष्कर्ष मान्य करता येत नाही. हिल्डीला काम प्रिय आहे, म्हणून वॉल्टरचे वागणे क्षम्य ठरते का? घड्याळाची चोरी, बाईची छेडछाड आणि खोट्या नोटा अशा तीन बनावट आरोपांखाली तो ब्रूसला एकाच दिवसात तीनदा अटक करवतो. शेवटी ऑल्बनीतल्या संपाची बातमी येताच मधुचंद्र बारगळतो आणि वॉल्टर पुढे चालू लागतो. बॅग उचलून हिल्डी मागून निघते. त्यांचा पहिला मधुचंद्रही कोळशाच्या खाणीतील दुर्घटनेच्या बातमीपायी असाच बुडाला होता. ज्या घरातून ती बाहेर पडली, त्याच घरात ती परत आली आहे.

प्रतिसाद २

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर या शिकागोत बातमीदारी केलेल्या दोघांनी लिहिलेल्या १९२८ च्या ‘द फ्रंट पेज’ या मूळ नाटकात हिल्डी पुरुष आहे. हॉक्स यांनी ती भूमिका स्त्रीला दिली आणि पटकथाकार चार्ल्स लेडरर यांनी तिला संपादकाची पूर्वीची पत्नी केले. पण पुरुष बातमीदारासाठी लिहिलेला दरारा तसाच राहिला. प्रेसरूममधले पुरुष तिच्या टाइपरायटरवरचा मजकूर वाचतात, तेव्हा त्यांच्या तोंडून कौतुकच निघते.

याच्याशी १९४२ च्या ‘वुमन ऑफ द इयर’ची तुलना करावी. तिथे कॅथरीन हेपबर्नची स्तंभलेखिका शेवटी स्वयंपाकघरात न्याहारी बनवायला जाते आणि सगळा बोजवारा उडतो. ‘तुला घरातले काही येत नाही’ असे सांगून बुद्धिमान बाईला खाली आणण्याचा तो प्रकार मला आजही खुपतो. हिल्डीला असा अपमान कोणी सोसायला लावत नाही.

प्रतिसाद ३

ब्रूसची बाजू कोणीच घेत नाही, म्हणून लिहितो. सुरुवातीला हिल्डी ‘दहा मिनिटांत येते’ म्हणते, तेव्हा तुझ्यापासून दूर राहायला दहा मिनिटेसुद्धा फार होतात, असे तो म्हणतो आणि ती ते वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावते. कोणी आपली वाट पाहावी, ही तिची भूक खरी आहे. वॉल्टर ती शेवटपर्यंत भागवत नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

प्रतिसाद ३ मधील प्रसंग माझ्या नजरेतून निसटला होता आणि त्याने माझे म्हणणे थोडे बदलले आहे. वॉल्टर खरोखरच आपल्याला ब्रूसबरोबर पाठवून देत होता, या समजुतीने हिल्डी शेवटी रडते. त्या रडण्यामागे हीच भूक असावी. तरीही पराभव हा शब्द मी स्वीकारणार नाही. अर्ल तुरुंगातून निसटल्याचे कळताच, ‘नोकरी सोडली’ म्हणणारी हीच बाई रस्त्यावर धावते आणि पळणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यावर झेप घेऊन त्याला खाली पाडते. त्या क्षणी वॉल्टर तिथे नसतो आणि तिला कोणी पाठवलेलेही नसते.