ताण-प्रथिन की तणाव-प्रथिन?

फोंडेकरीण: मेंदूच्या पेशींतील ‘स्ट्रेस प्रोटीन्स’च्या अभ्यासात उमेदीची सारी वर्षे घातलेल्या एका शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीवरील लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. मी ‘ताण-प्रथिने’ लिहिले होते. संपादकांनी ते सर्वत्र ‘तणाव-प्रथिने’ केले. मसुदा वाचून माझ्या भावजयीने विचारले, “काळजी केली की ही मेंदूत तयार होतात का?” लेखात काळजीचा विषयच नाही. उष्णता वाढली, प्राणवायू कमी पडला किंवा विषारी द्रव्य आत शिरले, की पेशीतील प्रथिनांची घडी विस्कटू लागते आणि ती सावरण्यासाठी ही प्रथिने तयार होतात. मग योग्य शब्द कोणता?

जुना मास्तर, डिचोली: ‘ताण’च. त्याच्यामागे संस्कृतातील ‘तन्’ धातू आहे. ‘तणाव’ हिंदीतून वर्तमानपत्रांत आला आणि दंगलीच्या बातम्यांत रुळला. आपला जुना शब्द ‘तणावा’, म्हणजे तंबूची दोरी, आणि तो फारसीतील ‘तनाब’वरून आला असे माझे मत आहे.

कुळागरवाला, सत्तरी: मास्तर, व्युत्पत्ती राहू द्या, वापर पाहा. घाटावर डाळिंबाच्या किंवा संत्र्याच्या बागेत बहार धरण्याआधी पाणी तोडतात, त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. पाने पिवळी पडून गळतात आणि पुन्हा पाणी दिले की झाड फुलावर येते. तिथे मनाचा प्रश्नच नसतो, सोसावे लागते ते झाडाच्या देहाला. आम्ही सुपारीला असा ताण देत नाही, पण शब्द मात्र आम्हालाही ठाऊक आहे.

पाटोवाचक, पणजी: मुळात या प्रथिनांचे पहिले नाव उष्णतेवरून पडले. इटलीचे आनुवंशिकीतज्ज्ञ फेरुच्चो रितोसा यांच्या उबवणपेटीचे तापमान चुकून वाढले आणि फळमाशीच्या लालाग्रंथीतील गुणसूत्रांवर त्यांना नव्या जागी फुगवटे, म्हणजे तिथली जनुके कामाला लागल्याची खूण, दिसले. हे १९६२ साली प्रसिद्ध झाले. म्हणून ‘उष्माघात-प्रथिने’ म्हणावे, तर उष्माघात म्हटल्यावर आपल्याला मे महिन्यात उन्हात कोसळलेला माणूस आठवतो. शिवाय ताई, आपण ‘पेशी’ कशी लिहिता? मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी विश्वकोश उघडून पाहावा. तिथे ‘कोशिका’ आणि ‘तंत्रिका’ हे शब्द आहेत.

फोंडेकरीण: महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत ‘पेशी’ आणि ‘चेतापेशी’ आहेत आणि माझे वाचक तीच पुस्तके शिकलेले आहेत, म्हणून मी ते शब्द सोडणार नाही. ‘ताण’विषयी मात्र माझीही एक शंका आहे. या कुटुंबातील एक प्रथिन ताण नसतानाही चेतापेशींत भरपूर असते, ते रोजचे काम करीत असते. उलट खरोखर ताण आल्यावर नवे प्रथिन अनेक चेतापेशी फारसे बनवत नाहीत. शेजारच्या आधारपेशी (ग्लिया) ते चटकन बनवतात. आपण बाजारातून आणतो त्या माणक्यांच्या, म्हणजे स्क्विडच्या, जातभाईंवर हे तपासले गेले आहे. काही माणक्यांच्या अंगात चेतापेशीचा एक तंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा असतो. भोवतालच्या आधारपेशींनी बनवलेले असे प्रथिन त्या तंतूत शिरते, असे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. माणकी साफ करताना आतली पारदर्शक कांडी ओढून काढते, तेव्हा हल्ली माझे लक्ष त्या पांढुरक्या धाग्यांकडे जाते.

म्हापशाची आजी: बाय, मग या प्रथिनाला ‘पाठराखीण’ का म्हणत नाहीस? नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते, तेव्हा सोबत जाते ती पाठराखीण. नवरीचा संसार ती करीत नाही, नवरी रुळेपर्यंत तिला सांभाळते आणि परत येते.

फोंडेकरीण: आजी, शास्त्रज्ञही या प्रथिनांना सोबतिणीच्याच अर्थाचा ‘शॅपरोन’ हा शब्द वापरतात! अर्धवट घडी पडलेल्या प्रथिनाला ती धरून ठेवतात, दुसऱ्याला चिकटू देत नाहीत, आणि घडी बसली की सोडून देतात.

जुना मास्तर, डिचोली: उपमा सुंदर आहे, परंतु परिभाषेत नातेसंबंध आणू नयेत. ‘सहायक प्रथिन’ पुरेसे आहे.

कुळागरवाला, सत्तरी: ‘सहायक’ म्हटले की कार्यालयातला कारकून आठवतो, मास्तर. पाठराखीण चार घरांत ओळखीची आहे. आमच्याकडे मात्र तिला ‘धेडी’ म्हणतात.

म्हापशाची आजी: धेडी वेगळी. ती लग्नात नवरीच्या शेजारी उभी राहते, सासरी राहायला जात नाही.

कुळागरवाला, सत्तरी: माझ्या आतेबहिणीबरोबर वाळपईला गेलेली मुलगी दोन रात्री राहिली होती, आणि सगळे तिला धेडीच म्हणत होते.

पाटोवाचक, पणजी: पेडण्याकडे काय म्हणतात, ते कोणी सांगावे.