मदत हवी आहे: चर्चची फॅमिली फन रन, रस्ता एक आणि पळणारे तीन तऱ्हेचे (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरला रेसिडेन्सी भागात आमच्या घराजवळ एक चर्च आहे. आजूबाजूच्या कुटुंबांसाठी त्यांनी जानेवारीत फन रन ठेवलीय. फी नाही, धर्माची अट नाही, पहिला-दुसरा नंबरही नाही. रविवारी मिस्सा असते म्हणून दुसरा शनिवार धरलाय. मी रोज सकाळी पळते हे फादरना ठाऊक, त्यामुळे मार्ग आखायचं काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. पण एकटीनं पळणं वेगळं आणि अडीचशे माणसं पळवणं वेगळं!

चर्चच्या फाटकापासून निघून परत तिथेच येणारा अडीच किलोमीटरचा फेरा मिळालाय. झाडं आहेत, चढ नाही. अडचण एकच: मधे एका लांब भिंतीलगत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, तिथे जेमतेम चार माणसं शेजारी मावतात. ५ किमीवाली कॉलेजची पोरं दुसऱ्या फेरीत सुसाट येणार तेव्हा नेमक्या तिथेच बाबागाड्या आणि आमच्या सासूबाईंचं भजनी मंडळ असणार. या बायका साडीवर कॅनव्हासचे बूट घालून येतात आणि गप्पा मारत रस्ता भरून चालतात. त्यांना 'डावीकडून चला' सांगून बघितलंय, दहा पावलं टिकतं.

(मंडळातल्या एका काकूंनी हळूच विचारलं, "तिथे प्रार्थना करावी लागेल का गं?" फादरना सांगितलं तर हसून म्हणाले, आमच्या बायका तुमच्याकडे हळदीकुंकवाला येतात ना, तसंच या. काकूंनी लगेच नाव दिलं.)

तर सगळ्यांना एकदम सोडावं की टप्प्याटप्प्यानं? मधे किती वेळ ठेवावा? शाळा, सोसायटीची अशी रन कुणी भरवली असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
टप्प्यानंच सोडा, ताई. आधी अगदी लहान मुलांना चर्चच्या आवारातच पळवून घ्या, रस्त्यावर आणूच नका. मग ५ किमीवाले. चालणाऱ्यांना मात्र शेवटचा पळणारा पहिला फेरा संपवून फाटकापुढे गेला की सोडायचं. एका किलोमीटरला आठ मिनिटं लावणारा गडीसुद्धा वीस मिनिटांत फेरा पुरा करतो. म्हणजे पळणारे सगळे पुढे, चालणारे सगळे मागे, कुणी कुणाला ओलांडायचा प्रश्नच नाही. साडेसातला पहिली तुकडी सोडलीत तर आठच्या आत दुसरी निघते. त्याआधी नको, जानेवारीत आपल्याकडे सातनंतर उजाडतं.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. भर घालतो. दुसरा शनिवार म्हणजे संक्रांतीच्या तोंडावर. आदल्या संध्याकाळी आणि पहाटे सायकलवरून फेरा मारून झाडांना, खांबांना लोंबणारा मांजा काढायला दोन पोरं लावा. पळणाऱ्याच्या गळ्याच्या उंचीवर तो दिसत नाही. रस्त्याच्या परवानगीचा अर्ज ठाण्यात आणि ट्रॅफिकवाल्यांकडे वेळेवर द्या, भिंतीलगतच्या गाड्या तेवढा वेळ हलवायचंही त्यातच लिहा. भोंगा सहाच्या आधी लावता येत नाही, कायदाच आहे.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! फाटकावर शेवटचा पळणारा ओळखायला त्याच्यामागून एक सायकलवाला ठेवते. आता पोह्यांचं सांगा कुणी. अडीचशेंना किती किलो?

प्रतिसाद २
किलोला दहा-बारा प्लेटा धरा, म्हणजे पंचवीस किलो आणले की झालं. घरून करून आणू नका, गार होतात. वाफेवर पातेलं ठेवणारा ठेलेवालाच आवारात उभा करा. शेव, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) तोच आणेल, जिलबीचं वेगळं ठरवा. पाण्याला बाटल्या नकोत, स्टीलचे पेले आणि एक धुणारा.