सदराच्या शेवटी तात्पर्य लिहायचंच का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, आमच्याकडच्या एका छोट्या साप्ताहिकाने मला 500 शब्दांचं सदर दिलंय, रोजच्या जगण्यातलं काहीही लिहा म्हणाले, आणि मी पहिला लेख गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर लिहिला. गिरणीवाले काका सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर त्या घरघरीत उभं राहून कान गेलेत, पण पीठ पडायला लागलं की खाली हात धरतात, अंगठ्याने बोटावर चोळून बघतात आणि चाक जरासं आवळतात. ज्वारीवर गहू टाकू नका असं बायका सांगतात ते त्यांना ओठांवरून कळतं. इथपर्यंत झरझर लिहिलं गेलं. मग शेवटी सहा ओळी अजून घातल्या, आयुष्यही असंच एक दळण आहे वगैरे. आई म्हणाली गिरणीपर्यंत छान वाटलं, पुढं शाळेतला निबंध झाला. मला ते फार लागलं, कारण त्या ओळींवरच मी दोन रात्री घालवल्यात. बुधवारी लेख द्यायचाय. ठेवू का काढू?

जुना उपसंपादक:
काढा. मी बरीच वर्षं पुरवणीची पानं लावली. रविवारची पुरवणी आधीच तयार होते, आणि ऐनवेळी जाहिरात आली की मजकूर कमी करायचा तो बहुतेक खालून, कारण तिथं कापलं तर वरचं वाक्य अडत नाही. कितीतरी लेखांची तात्पर्यं मी अशी कापलीत आणि एकाही वाचकाचं पत्र आलं नाही की शेवट कुठं गेला. पण एकदा मधला परिच्छेद गेला, आजीच्या चंचीत काय काय असायचं त्याचा, तर लेखिकेचा फोन आला आणि ती अक्षरशः रडली. तिचं बरोबर होतं, मला आजही वाईट वाटतं.

पानोपानी:
हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. ना. सी. फडक्यांनी 1926 च्या सुमारास 'रत्नाकर' मासिकात लघुनिबंध आणला तो मित्राशी गप्पा मारल्यासारखा, किल्ली नाहीतर सुपारीवरसुद्धा लिहिता येतं हे त्या पिढीने दाखवलं. खांडेकर शिरोड्याला शिक्षक होते तेव्हा सावंतवाडीच्या 'वैनतेय'मध्ये लिहायचे, त्यांचा ओढा जीवनाचा अर्थ सांगण्याकडे जास्त. मला स्वतःला इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती' जवळचं. सभेत त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून अशी करून देतात, आणि नंतर रस्त्यात शाळेतली पोरं म्हणतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. बस, तिथं लेख भरून पावतो. बाईंना वर काही समजावून सांगावं लागत नाही.

मीठभाकर:
मी थोडी वेगळं म्हणेन हं. कॉलेजात असताना एक सदर वाचलेलं, शेजारणीचा स्टीलचा डबा लेखिकेच्या घरी कितीतरी महिने पडून होता, कारण आई गेल्यावर त्यात काय घालून परत द्यायचं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. शेवटी तिने सरळ लिहिलं होतं की भांडं रिकामं पाठवू नका, काही नसेल तर साखर घाला. मी आजतागायत कुणाचा डबा रिकामा दिलेला नाही. म्हणजे शिकवण लागते माणसाला! फक्त दादा, ती त्या डब्यातूनच आली पाहिजे. तुमचं दळण आणि आयुष्य हे कुणीही कुठल्याही गिरणीवर लिहील, तुमच्या काकांचं काय त्यात?

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मीठभाकर ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून काल संध्याकाळी परत गिरणीत गेलो आणि तासभर नुसता बसलो. काका सारखे एक हात गिरणीच्या अंगाला लावून उभे असतात, मला आधी वाटायचं टेकलेत. पाटीवर लिहून विचारलं तर म्हणाले, "ऐकू येत नाही ना, दाणे संपत आले की हाताला कळतं." एवढ्या वर्षांत मी हे पाहिलंच नव्हतं. त्या सहा ओळी काढल्या, आता तो हात लिहितोय.