आव्वाज कुणाचा!

ताई, तुझ्या मैत्रिणीवरची पोस्ट वाचली, ती वर्गात आली की मागची बाकंसुद्धा जागी व्हायची हे वाचलं आणि आमचा गडी आठवला गं. पुरुषोत्तम करंडकला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, पुण्यात भरत नाट्य मंदिरात पडदा उघडायच्या आधी 'आव्वाज कुणाचा'ची पहिली आरोळी त्याचीच, स्वतः कायम बॅकस्टेजला पण घसा बसेपर्यंत ओरडायचा आणि मग दोन दिवस अमृततुल्यात खुणा करून चहा मागायचा. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, ४५ पण पूर्ण नव्हती. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही सगळे जमलो, कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना, इतकी शांतता त्याच्या आसपास कधीच नव्हती. नंबर अजून डिलीट नाही केलाय. डीपीत तोच निळा शर्ट, खिशाला सेटचा रंग लागलेला.